घारीच्या खोक्यावरचं व्हायोलिन

सुरतेत मी अकरा वर्षं मुलांना व्हायोलिन शिकवलं. माझ्याकडे आलेल्या मुलाला पहिले दोन महिने व्हायोलिन मिळत नसे. मिळे ते घारीचं, म्हणजे सुरतेच्या तुपाळ मिठाईचं, रिकामं खोकं. तपकिरी कागदात गुंडाळलेलं, त्याला एक लाकडी पट्टी चिकटवलेली, आणि गज म्हणून हातात दुसरी पट्टी. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदीपडव्याला, सगळं शहर घारी खातं आणि मग अशा खोक्यांना तोटा नसतो, म्हणून माझे नवे वर्गही त्याच सुमारास सुरू होत. मूल खोकं हनुवटीखाली धरून उभं राही आणि त्याचे वडील मला विचारत, "बेन, आ तो घारीनुं खोखुं छे?"

मी म्हणे, "हो." याहून वेगळं काय सांगणार?

पद्धतीचं नाव सुझुकी. ते ऐकून निम्मे लोक मोटारसायकलची चौकशी करत. पण त्यातली गोष्ट कुणालाही कळेल अशी आहे. मूल मातृभाषा शिकतं तेव्हा त्याच्या हातात कुणी व्याकरणाचं पुस्तक देत नाही. ते आधी ऐकतं, मग घरातल्या माणसांचं तोंड बघतं, मग एक दिवस बोलायला लागतं. व्हायोलिनचंही तसंच करायचं. घरात रोज त्या धुनांची कॅसेट वाजली पाहिजे. आईने किंवा वडिलांनी स्वतः आधी शिकलं पाहिजे, मुलाच्या देखत वाजवलं पाहिजे. ते बघून मूल एक दिवस आपणहून म्हणतं, मला दे. मग द्यायचं. नोटेशन वाचायला शिकणं त्यानंतर फार पुढे. सांगायला इतकं सोपं आहे, की करायला कुणीच तयार होत नाही.

मी स्वतः सांगलीला गुरुजींसमोर सतरंजीवर बसून, आपल्या पद्धतीने शिकलेली. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे हजीऱ्याच्या एका कारखान्याच्या कॉलनीत आले. तिथे शेजारी दोन वर्षं एक जपानी इंजिनिअर राहत होते. त्यांची बायको मिचिको आपल्या तीन वर्षांच्या मुलीला रोज सकाळी व्हरांड्यात वीतभर व्हायोलिनवर शिकवायची. मी आधी कुंपणावरून बघायची, मग कुंपणाच्या आत गेले. तिला इंग्रजी पन्नास शब्द येत, मला तेवढेच, पण दोघींचे पन्नास वेगवेगळे होते. तरी मी शिकले. जाताना तिने मला कॅसेट, पुस्तकं आणि दोन छोटी व्हायोलिनं दिली. प्रमाणपत्र मात्र माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही. आम्ही सुरतेत अडाजणला राहायला आल्यावर मी दारावर 'जपानी पद्धतीने व्हायोलिन' अशी पाटी लावली. शिक्षिकेची पात्रता कुणीही विचारली नाही. 'जपानी' या शब्दाने ते काम परस्पर केलं.

पालकांनी आधी शिकायचं, या अटीवर मात्र मोठा घोळ होई. एका डॉक्टरसाहेबांनी विचारलं, पालकांचा धडा फोनवर घेता येईल का. एका आईने पहिल्या दिवशी वहीत अठरा मुद्दे लिहून घेतले, त्यांना लाल शाईने अधोरेखित केलं आणि वही मुलाच्या दप्तरात घालून दिली. मुलगा चार वर्षांचा होता, त्याला वाचता येत नव्हतं. एका गृहस्थांनी सांगितलं की कॅसेट रोज नियमाने लावतो. नंतर कळलं की ते ती गाडीत, दुकानात जाता-येता लावत. त्यांच्या मुलाला काही आलं नाही, पण त्यांचा ड्रायव्हर शिट्टीवर सगळ्या धुना बिनचूक वाजवू लागला. म्हणजे पद्धतीत खोट नव्हती.

किरीटभाई आले ते प्लेगच्या साथीनंतर शहर धुऊनपुसून चकचकीत झालं त्या दिवसांत. साड्यांचे मोठे व्यापारी, मार्केटात दोन दुकानं, उधन्याला मागांच्या दोन शेड. त्यांची मुलगी ख्याती चार वर्षांची. तिने खुर्चीवर बसून पाय हलवत माझ्या घराकडे बघून घेतलं. किरीटभाईंनी खोक्याबद्दल विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न होता, "स्टेज पर क्यारे चढशे?" स्टेजवर कधी चढेल?

मी म्हटलं, "आधी तुम्हाला किंवा ख्यातीच्या आईला, अल्पाबेनना, शिकावं लागेल. रोज अर्धा तास मुलीसमोर वाजवावं लागेल. आठवड्यातून दोनदा तिच्याबरोबर इथे यावं लागेल."

ते हसले. ज्या माणसाने आयुष्यात एकही काम स्वतः करायचं ठेवलेलं नाही त्याचं प्रसन्न हसू होतं ते. "माणस मोकली आपीश," ते म्हणाले. माणूस पाठवून देईन.

तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण बोलता बोलता त्यांनी सांगितलं होतं की त्यांच्या समाजाची वाडी, म्हणजे सभागृह, वार्षिक कार्यक्रमासाठी आपल्याला केव्हाही मिळेल. मी तीन वर्षं मुलांचे कार्यक्रम आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये घेत होते. तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

मंगळवारी ख्यातीबरोबर सुमनबाई आल्या. वय पस्तीसच्या आसपास, माहेर अमळनेरकडचं, राहायला गोडादऱ्याला. नवरा उधन्याला मागावर, आणि त्या स्वतः किरीटभाईंच्या घरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलीला सांभाळायला. आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, पोरना खोका मी धरसू का?"

मी सांगितलं, धरायचं नाही, तुम्हाला वाजवायला शिकायचंय. चेष्टा नाही हे कळल्यावर त्यांनी चप्पल काढली, हातातल्या बांगड्या वर सरकवून त्यावर रुमाल बांधला आणि विचारलं, "कोनता हातमा?"

माझ्या वर्गात तेव्हा दोन डॉक्टरांच्या बायका, एक प्राध्यापिका आणि एक चार्टर्ड अकौंटंट शिकत होते. या सगळ्यांना गज धरायला सुमनबाईंच्या तिप्पट वेळ लागला. सुमनबाईंनी घरी कितीतरी वर्षं मागाच्या बॉबिनवर दोरा भरायचं काम केलेलं. दोरा किती ओढला की ताठ राहतो आणि किती ओढला की तुटतो हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. वाचता येत नव्हतं, पण या पद्धतीत वाचायचं नसतंच. त्यांनी चार तारांना आपली नावं ठेवली. सगळ्यात जाड तार मोठमाय, बारीक तार धाकली, मधल्या दोघी बहिणी. प्राध्यापिका वहीत आकृत्या काढत असताना सुमनबाई ख्यातीला सांगत, "आते धाकलीले बोलाव," आणि ख्याती त्यांच्या व्हायोलिनच्या बरोबर त्या तारेवर बोट ठेवी.

किरीटभाईंच्या घरी सुमनबाई रोज दुपारी मागच्या ओट्यावर अर्धा तास वाजवत. ख्याती समोर बसून बघे. पाचव्या आठवड्यात तिने सुमनबाईंच्या हातातून व्हायोलिन ओढून घेतलं. सुमनबाई मला सांगत आल्या तेव्हा घाबरलेल्या होत्या, जणू पोरीला वाईट सवय लावली. मी त्यांना सांगितलं की जपानपासून इथपर्यंत सगळी खटपट त्या एका ओढण्यासाठी आहे. वर्षभरात ख्याती माझ्या वर्गातली सर्वांत सुरेल मुलगी झाली. अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झालं. फक्त 'आई' या शब्दाच्या जागी सुमनबाई होत्या.

या मातृभाषेच्या पद्धतीचा दुसरा परिणाम मात्र पुस्तकात लिहिलेला नव्हता.

एकदा अल्पाबेन फी द्यायला आल्या तेव्हा फार खुशीत होत्या. आपल्या गुजरातीत म्हणाल्या, "टीचर, ख्याती जापानीझ बोलते. पूर्ण वाक्य बोलते. पाहुण्यांना बोलून दाखवते."

"काय बोलते?"

"परवा नवीन फ्रीज आला, तर म्हणाली, हाई काय शे? आम्ही तर बघतच राहिलो."

मी ओठ घट्ट मिटले. मी सांगलीची, पण तीन वर्षं गोडादऱ्याच्या, लिंबायतच्या बायकांकडून भाजी घेत होते. अहिराणी मला चांगली ओळखता येत होती. 'हाई' मात्र खरोखरच मिचिको 'हो' या अर्थाने दिवसातून शंभरदा म्हणायची. मी एवढंच म्हटलं, "मुलं पटकन उचलतात." त्यात खोटं काही नव्हतं. पण पुढच्या महिन्यात किरीटभाईंच्या ओळखीतून सहा नवी मुलं आली, सगळ्यांना व्हायोलिनबरोबर थोडं जपानीही हवं होतं, आणि तेव्हाही मी खुलासा केला नाही, हे इथे लिहून टाकते.

हे सहा महिने चाललं. मग एका रविवारी किरीटभाईंच्या उधन्याच्या शेडवरचे मुकादम काही नमुने घेऊन त्यांच्या बंगल्यावर गेले. पुढचं मला सुमनबाईंनी सांगितलं, त्या तिथेच होत्या. दिवाणखान्यात दोन पाहुणे बसलेले. मुकादम दारात उभे. ख्याती त्यांच्याकडे धावत गेली आणि म्हणाली, "काका, बठ ना. चहा पिशी का?"

मुकादमांचा चेहरा उजळला. "पिसू ना बेटा," ते म्हणाले, "तुना हातना चहा पिसू."

किरीटभाईंनी चकित होऊन विचारलं, "अरे, तुमको भी जापानीझ आता है?"

"साहेब," मुकादम म्हणाले, "ये तो हमारी अहिराणी है. शेडमें सब यही बोलते हैं."

किरीटभाईंच्या शेडमध्ये पंधरा वर्षं ही भाषा बोलली जात होती. पण तिथे मागांचा आवाज फार, आणि ते तिथे थांबत फार कमी. पाहुणे हसले. दुसऱ्या दिवशी सुमनबाईंना सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका.

कार्यक्रमाला तीन आठवडे उरले होते. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या, त्यावर किरीटभाईंचं नाव माझ्या नावाच्या वर आणि दुप्पट मोठ्या अक्षरात होतं. ते स्वतः सांगायला आले. "हवे थी अल्पा आवशे," म्हणाले. यापुढे अल्पा येईल. शिकवणारी कोण हे मुलीच्या दृष्टीने किती महत्त्वाचं आहे, याबद्दल माझं दोन पानी टिपण तयार असे, नव्या पालकांना मी ते वाचून दाखवत असे. त्या दिवशी मी म्हटलं, "ठीक आहे."

अल्पाबेन आल्या, आणि मला वाटलं होतं तशा त्या नव्हत्या. त्यांनी चारही अंगठ्या काढून पर्समध्ये ठेवल्या. खोकं हनुवटीखाली घेतलं. मला म्हणाल्या, "लग्नानंतर मला कुणी काही शिकायला सांगितलंच नाही. चूक झाली तर हसू नका." मी हसले नाही. ख्यातीही हसली नाही. तिने आईचा अंगठा धरला आणि गंभीरपणे सांगितलं, "असं नही, अंगठा वाकाड." अल्पाबेनना 'वाकाड' कळलं, कारण मुलीने करूनच दाखवलं. पण स्वतःचं व्हायोलिन ख्यातीने हातात घ्यायला नकार दिला. दहा दिवस गेले, ती एक सूर वाजवेना. मारून नाही, लाडावून नाही.

शेवटी अल्पाबेननी मला बाजूला घेतलं. "तुम्ही जाऊन त्यांना बोलावून आणा," म्हणाल्या. "घरी सांगू नका."

मी रिक्षा करून गोडादऱ्याला गेले. सुमनबाई दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवत होत्या. मांडीवर साडी, बाजूला गोंदाची वाटी. मी निमंत्रणपत्रिका दिली आणि ख्याती वाजवत नाही हे सांगितलं. त्यांनी पत्रिका उलटसुलट करून बघितली, जवळ ठेवली. हात चालूच होता.

"येसू," त्या म्हणाल्या. "पन खुर्चीवर बठसू. पानी वाटाले नही येवाव."

"पहिल्या रांगेत बसाल," मी म्हटलं. "मी सांगते ना."

कार्यक्रमाच्या दिवशी वाडी भरलेली होती. प्रमुख पाहुणे महापालिकेतले कुणी मोठे गृहस्थ होते. त्यांना शाल, श्रीफळ, तसबीर आणि एक छोटं व्हायोलिन देण्यात आलं. ते त्यांनी गिटारसारखं धरून फोटो काढून घेतला. किरीटभाईंनी जपानच्या प्रगतीवर वीस मिनिटं भाषण केलं. जपानी माणूस सगळं स्वतः करतो, असं त्यात एक वाक्य होतं.

मी स्टेजच्या कडेला व्हायोलिनं सुरात लावत होते. सुमनबाई आल्या. ठेवणीतली जांभळी साडी, केसांत गजरा. येऊन पहिल्या रांगेत, मी चिठ्ठी ठेवलेल्या खुर्चीवर बसल्या. दोन मिनिटांत एक स्वयंसेवक आला. वाकून काहीतरी बोलला, हाताने मागची बाजू दाखवली. सुमनबाईंनी स्टेजकडे बघितलं. माझी आणि त्यांची नजरानजर झाली. मग त्या उठल्या आणि स्वयंसेवकाच्या मागोमाग शेवटच्या रांगेकडे गेल्या.

माझ्यासमोर सोळा व्हायोलिनं सुरात लावायची होती, हे खरं आहे. त्यातलं एक पाच मिनिटांनी लावलं असतं तरी चाललं असतं, हेही खरं आहे.

ख्यातीचं नाव पुकारलं. ती आली, शिकवल्याप्रमाणे कमरेत वाकून नमस्कार केला आणि व्हायोलिन काखेत धरून उभी राहिली. पहिल्या रांगेवरून तिची नजर फिरली, दुसरीवरून फिरली. पेटीवर साथीला बसलेल्या बाईंनी तिचा सूर दोनदा दिला. ख्यातीने माइककडे तोंड केलं आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "मनी सुमनमावशी कोठे शे?"

प्रमुख पाहुणे किरीटभाईंकडे झुकले आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले, "जापानीझ?"

किरीटभाईंनी मागे वळून बघितलं. सहाशे माणसं होती, त्यांत त्यांचं सगळं मार्केट होतं. "हा जी," ते म्हणाले. "जापानीझ."

तेवढ्यात वाडीच्या अगदी मागून आवाज आला, "आठे शे मी. वाजाड तू."

ख्यातीने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि वाजवायला सुरुवात केली. एकही सूर हलला नाही. शेवटाला तिने एक छोटी मुरकी घेतली, ती पुस्तकात नव्हती, मी शिकवलेली नव्हती. खानदेशात लग्नाच्या हळदीला बायका गाणं असं वळवून सोडतात. त्या मुरकीवर वाडीच्या मागच्या बाजूला, जिथे स्वयंपाकी आणि ड्रायव्हर उभे होते, तिथे कुणीतरी मनापासून दाद दिली. प्रमुख पाहुण्यांनी नंतर मला विचारलं की हा खास तोक्योकडचा प्रकार का. मी म्हटलं, त्याच्या जरा अलीकडचा.

ती वाजवत असतानाच अल्पाबेन पहिल्या रांगेतून उठल्या. मधल्या वाटेने सगळ्यांच्या देखत चालत मागे गेल्या आणि सुमनबाईंच्या शेजारी बसल्या. प्रमुख पाहुण्यांच्या बाजूची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. किरीटभाईंनी तिच्यावर आपला कोट ठेवला.

चार दिवसांनी मी परत गोडादऱ्याला गेले. सुमनबाईंनी चहा केला. मी म्हटलं, माझ्या वर्गात लहान मुलांना सुरुवातीचं तुम्ही शिकवा, माझ्यापेक्षा चांगलं शिकवाल. हे मी उपकार म्हणून बोलत नव्हते, तेच खरं होतं.

त्यांनी चहाची बशी माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "ताई, त्यासनी माले उठाडं तवय तुम्ही देखं ना?"

"बघितलं," मी म्हटलं.

"मंग." एवढंच म्हणाल्या आणि पुढची साडी मांडीवर घेतली. रागावल्या नव्हत्या. चहा पिऊन होईपर्यंत माझ्या मुलांची चौकशी केली, दारापर्यंत सोडायला आल्या. पण माझ्याकडे परत कधी आल्या नाहीत. पुढच्या वर्षी नवऱ्याचं काम सुटलं आणि ते अमळनेरकडे गेले असं कुणीतरी सांगितलं.

कार्यक्रम झाला त्याच वर्षी मी प्रवेशाचा फॉर्म बदलला. 'आईचे नाव', 'वडिलांचे नाव' या ओळी काढून टाकल्या आणि तिथे छापून घेतलं, 'मुलाजवळ रोज बसणारी व्यक्ती'. मला वाटलं, आपल्या हातून जे झालं त्याची थोडी भरपाई झाली. फॉर्म भरून परत आले तेव्हा लक्षात आलं की पालकांची केवढी सोय झाली होती. बावीसपैकी एकोणीस घरांनी त्या जागी आनंदाने कामवाल्या बाईचं, ड्रायव्हरचं नाहीतर स्वयंपाकी महाराजाचं नाव लिहिलं होतं. एका गृहस्थांनी तर शेरा मारला होता की असा व्यवहारी क्लास शहरात दुसरा नाही.

दोन घरांनी स्वतःची नावं लिहिली होती. उरलेला एक फॉर्म अल्पाबेननी आणून दिला. ख्यातीला आता पुन्हा फॉर्म भरायची गरज नव्हती, म्हणून मी तो तिथेच उघडून बघितला. विद्यार्थ्याचं नाव होतं अल्पाबेन. वयाची जागा मोकळी होती. आणि खाली, रोज जवळ बसणारी व्यक्ती, यापुढे वाकड्यातिकड्या, नुकत्याच शिकलेल्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ख्याती'.